मी वाचलो

मंगळवारी मधल्या सुट्टीत अनुजाबाईंनी टपालपेटी उघडली आणि त्यांना जो घोर लागला, तो शनिवार उजाडला तरी सुटला नाही.

पेटी म्हणजे काही पोस्टाची नव्हे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला लाल रंग दिलेला आणि झाकणाला चीर पाडलेली. उचगावच्या त्या शाळेत पाचवी ते सातवीच्या मुलांना गोष्टींची पुस्तकं वाटायची, आणि वाचून झालं की पुस्तकातल्या कुणालाही चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची, नाव घालायची सक्ती नाही, असा बाईंचा नियम होता. मग बाई त्या पात्राच्या वतीनं उत्तर लिहून पुस्तकांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर टाचणीनं लावायच्या. पुस्तकानं मुलांना माया कळते, स्वतःची किंमत कळते, दुसऱ्याशी कसं वागावं ते कळतं, यावर बाईंचा फार विश्वास. हे त्या शिक्षकांच्या खोलीत बोलायला लागल्या की कुणाला ना कुणाला हटकून तहान लागायची. हेडसर गणपतराव तर तोंडावर म्हणायचे, "मुंगीला पत्र लिवून कुणाचं भलं झालंय, बाई?"

त्या दिवशीची चिठ्ठी साळिंदराला होती. अंगावर काटे म्हणून ज्याला कुणी जवळ घेत नाही अशा साळिंदराच्या पिल्लाचं एक पातळसं पुस्तक होतं. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं, छापील अक्षरात लिहिली होती.

"साळिंदरास. तुला काटं हायत म्हणून कोण जवळ घेत न्हाय. मला काटं न्हाईत तरी तसंच हाय. मी तोंड उघडलो की समदी हसत्यात. म्हणून मी बोलायचंच सोडलो. शनवारी मी इचलकरंजीला आत्याकडं जातो. साळा बास. तिथं कांड्या भरतो. मागाच्या आवाजात कोण काय बोललं कुणाला ऐकू येत न्हाय. कुणाला सांगू नको."

बाईंनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. शेवटून दुसऱ्या ओळीवर त्या थांबल्या. ज्या पोराला कांड्यांवर सूत भरत यंत्रमागाच्या खडखडाटात बरं वाटणार आहे, त्याला या शाळेत काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल? आणि शनिवार तर चार दिवसांवर आला होता.

लेकरानं विश्वासानं लिहिलं होतं, तेव्हा वर्गात जाऊन कोण रे तो, असं विचारणं शक्य नव्हतं. साळिंदराचं पुस्तक जूनपासून पन्नासेक मुलांच्या हातून फिरलेलं, त्यामुळे वहीतल्या नोंदीचाही उपयोग नव्हता. बाई सातवीला शिकवायच्या, पाचवी-सहावीची अक्षरं त्यांना ओळखू यायची नाहीत. मग त्यांनी काहीतरी सबब सांगून तिन्ही वर्गांतल्या मुलग्यांच्या वह्यांचे गठ्ठे मागवले आणि एकेक अक्षर चिठ्ठीशी ताडून बघत बसल्या; एकही जुळलं नाही. मुलग्यांच्याच वह्या, कारण चिठ्ठीत "जातो" होतं, "भरतो" होतं. मुलगाच तो. यात शंका ती काय घ्यायची?

बुधवारी सकाळी त्यांनी साळिंदराच्या वतीनं उत्तर लावलं. मनापासून लिहिलं होतं. "प्रिय मित्रा, तू शूर मुलगा आहेस. तुझ्यासारखा दोस्त मला हवा आहे. जाऊ नकोस. एकदा अनुजाबाईंना भेट, त्या तुझं ऐकतील." दिवसभर बाई पुस्तकांच्या खोलीच्या दारात उभ्या. पोरं आली, वाचून गेली, दोघातिघांनी साळिंदराचं अक्षर चांगलं आहे असा शेरा मारला. भेटायला कुणी आलं नाही.

संध्याकाळी बाईंना आठवलं, सहावीतला गुंडू बोलताना अडखळतो. तोंड उघडलं की हसतात, म्हणजे तोच. गुरुवारी त्यांनी त्याला खोलीत बोलावलं, जवळ बसवलं, डोक्यावरून हात फिरवला. गुंडू घाबरला. बाई अशा गोड वागायला लागल्या की काहीतरी फुटलेलं असतं, हे त्याला ठाऊक होतं.

"गुंडू, तुला कुणी हसतं का रे?"

"ह-हसत्यात की."

"मग तुला वाईट वाटत असेल."

"मी हा-हाणतो मग."

"आणि इचलकरंजीची आत्या?"

"आ-आत्या कागलात अस-असती, बाई. इचलकरंजीत कोण न्हाई." मग तो जरा विचार करून म्हणाला, "खि-खिडकीची काच मी फोडलो न्हाई."

गुंडू गेला. बाई डोकं धरून बसल्या. रात्री धड झोप नाही, संध्याकाळी डबा तसाच परत. नवऱ्यानं विचारलं तर त्याच्यावर खेकसल्या. शिकवताना मध्येच थांबून रांगांवरून नजर फिरवायच्या, आणि सातवीची पोरं आपापलं काय चुकलं ते आठवत चुळबुळ करायची. कुणाचं तरी लेकरू आपल्या डोळ्यांसमोरून निघून चाललंय आणि आपल्याला ते दिसत नाही, या विचारानं त्यांना एका जागी बसवेना.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्या खिचडीच्या शेडपाशी येऊन उभ्या राहिल्या. चिमणाबाई, शाळेची खिचडी शिजवणारी, पातेलं घासत होती. ही बाई कुणाला भीत नाही, हेडसरांनाही नाही.

"तीन दिस झालं बघतोय," चिमणाबाई म्हणाली. "त्यो कागद हातात घिऊन फिराल्यासा. काय हाय त्यात?"

कुणाला सांगू नको, असं लिहिलेलं होतं. पण उद्या शनिवार होता. बाईंनी हलक्या आवाजात चिठ्ठी वाचून दाखवली. चिमणाबाईनं पातेलं बाजूला ठेवलं.

"आयाया. कुणाची लेक म्हणायची ही?"

"लेक नाही हो. मुलगा आहे."

"कांड्या भराय पोरगा कशाला जाईल? कांड्या बायका-पोरी भरत्यात. पोरगा असता तर माग चालवाय शिकतो म्हणाला असता."

"अहो, पण 'जातो' लिहिलंय. 'उघडलो' लिहिलंय."

चिमणाबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. "मग? मीबी आता भांडी घासून घरला जातो. मी काय बाप्या हाय व्हय?"

बाई कट्ट्यावर बसल्या. अहो, ही अनुजाबाई कुठली? आजऱ्याची. जिथं आई, आजी, चुलती, शेजारीण, सगळ्या जन्मभर "मी आलो, मी जेवलो, मी बाजारला गेलतो" असंच बोलत आल्या. अनुजाही एकोणीस वर्षांची होईपर्यंत तशीच बोलली. मग ती डी.एड.ला पुण्याला गेली आणि वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं, अनुजाराव. जेवायला चला, अनुजाराव. दोन वर्षं तिनं जिभेला चिमटा काढून काढून "आले, गेले, जेवले" घोटलं, आणि ते इतकं पक्कं केलं की चिठ्ठीत आपलीच बोली दिसली तरी तिला ओळखता आली नाही. लाज माणसाला असं आंधळं करते.

आणि मग त्यांना ते आठवलं. जुलैमधली गोष्ट. पाचवीत पुस्तकं बदलून द्यायला गेल्या होत्या. एक सावळीशी, दोन वेण्यांची मुलगी पुस्तक छातीशी धरून धावत आली होती. "बाई, मी वाचलो. समदं वाचलो."

"वाचलास?" अनुजाबाई म्हणाल्या होत्या. "कशातून वाचलास रे बाळा, अपघातातून?"

वर्ग फुटून हसला होता. बाईही हसल्या होत्या. कोटी जमली म्हणून शिक्षकांच्या खोलीत सांगूनही झाली होती, आणि पहिल्यांदाच त्यांचं बोलणं ऐकताना कुणी पाणी प्यायला उठलं नव्हतं. त्या मुलीचं पुढं काय झालं, हे बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही. सासूनं जे सोसलं ते सुनेला चुकवू नये, म्हणतात ना, तसं त्यांनी केलं होतं, आणि तेही गोष्टीचं पुस्तक हातात घेऊन.

त्या तडक पाचवीच्या वर्गात गेल्या. मुलीचं नाव सोनम. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "फार गुणी पोरगी. आवाज म्हणून नाही. पोरं तिला 'दादा, वाचलास काय' म्हणून चिडवतात, पण ती उलट बोलत नाही. बुधवारी मधल्या सुट्टीनंतर मात्र आलीच नाही बघा."

बुधवारी. फळ्यावर साळिंदराचं उत्तर लागलं होतं. प्रिय मित्रा, तू शूर मुलगा आहेस. सगळ्या शाळेत जो एकटा तिला हसणार नाही असं तिला वाटलं होतं, त्यानंही तिला मुलगाच म्हटलं होतं. बाईंनी फळ्यावरचा कागद ओढून काढला, तेव्हा टाचणी बोटात घुसली. बरं झालं असं त्यांना वाटलं.

शाळा सुटल्यावर त्या सोनमच्या घरी गेल्या. माळाच्या कडेला दोन खोल्यांचं घर. वडील भाऊसो फौंड्रीत पाळीला गेलेले. आई यल्लव्वा बाईंना बघून चपापली, मग खुर्ची पुसून दिली. कोपऱ्यात सोनम कपड्यांच्या घड्या घालून पिशवीत भरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"आमी न्हाईच म्हणतोय, बाई," यल्लव्वा म्हणाली. "ह्येंचं तर म्हणणं, शिकलंच पायजे, आमच्यात शिकल्याबिगर काय हाय? पर ही आयकंना. जेवाय बसंना. चार दिस आत्याकडं ऱ्हाऊन येऊ दे, म्हणालो शेवटी. साळंत काय झालं, सांगतबी न्हाई."

"मी सांगते," अनुजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं सांगितलं. जुलैतलंही आणि साळिंदराचं उत्तर कुणी लिहिलं तेही. मग त्या सोनमसमोर खाली फरशीवर बसल्या. "सोनम, माझी चूक झाली. तू सगळं पुस्तक वाचलं होतंस आणि मी तुला हसले."

सोनमनं एका फ्रॉकची घडी मोडून परत घातली.

"बाई घरापतोर आल्यात," यल्लव्वा म्हणाली. "बोल की गं."

बाहेर कुणीतरी म्हशीला हाकलत गेलं. सोनम बोलली तेव्हा आवाज इतका बारीक होता की बाईंना पुढं झुकावं लागलं.

"हितं माफी मागून काय व्हतंय? हसल्याली समदी साळंत हायत."

एवढंच बोलून ती परत घड्या घालायला लागली.

घरी परतताना बाईंना कळलं, की आपल्याला भीती वाटते आहे. चार दिवस त्या कुणाला तरी वाचवायला धडपडत होत्या, आणि आता शाळेत सगळ्यांसमोर साधं तोंड उघडायची वेळ आली तर त्या सबबी शोधत होत्या. तीनशे पोरं, अकरा शिक्षक, हेडसर. उद्यापासून कुणी बाईंना अनुजाराव म्हटलं तर? पंधरा वर्षं झाकून ठेवलेली बोली अशी चव्हाट्यावर मांडायची? बरं, शुद्ध भाषेत, दोन छापील वाक्यांत माफी मागून मोकळं होता आलं असतं. हेडसरांनी कौतुकही केलं असतं. पण ती माफी वरच्या पायरीवरूनच झाली असती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या. अनुजाबाईंनी हेडसरांकडं दोन मिनिटं मागितली. पाचवीच्या रांगेत त्यांनी डोळे ताणून शोधलं. सोनम नव्हती. म्हणजे गेली. तरी बाई पुढं झाल्याच, कारण हसलेली सगळी इथं होती.

"जुलैत पाचवीतली एक पोरगी मला म्हणाली, बाई, मी वाचलो," त्यांनी सुरुवात केली. "आणि मी तिची चेष्टा केली. ती बरोबरच बोलत होती. आमच्या आजऱ्यात मीबी असंच बोलायचो. माझी आई अजून असंच बोलती. मला पुण्यात पोरी हसल्या, ते मी विसरलो न्हाय. तरी मी त्या पोरीचं हसं केलो. मी चुकलो."

पहिल्यांदा सातवीची रांग फिसकन हसली. मग सहावी. मग सगळं मैदान. बाई बाप्या झाल्या, असं कुणीतरी म्हणालं आणि हसू आणखी उसळलं. एक शिक्षक तोंडावर रुमाल धरून भिंतीकडं वळले. हेडसरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. अनुजाबाईंचे कान तापले. पुढं बोलायचं होतं, पण शब्द फुटेना. त्यांना इथून पळून जावंसं वाटलं, कुठंही, जिथं काही ऐकू येणार नाही अशा ठिकाणी.

"हसू नगासा."

आवाज पाचवीच्या रांगेच्या मागून आला. गणवेश नव्हता, घरचा फुलाफुलांचा फ्रॉक होता. फाटकाशी यल्लव्वा उभी होती, आठच्या गाडीला निघालेली, पायाशी पिशवी ठेवून. सोनम तिचा हात सोडून आत आली होती आणि रांगेच्या टोकाला, आपल्या जागेवर येऊन उभी राहिली होती. गाल लाल झाले होते. पोरं वळून वळून बघायला लागली, आणि बघता बघता गप्प झाली, कारण या पोरीला आवाज आहे हेच त्यांच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं.

यल्लव्वानं थोडा वेळ वाट पाहिली. मग पिशवी उचलून काखेला मारली आणि ती स्टँडकडं न जाता घराकडं वळली.

अनुजाबाई अजून तशाच उभ्या होत्या, डोळे भरलेले, तोंड अर्धवट उघडं.

"बोला की, बाई," सोनम म्हणाली. "आमी आयकाल्याव."