कोबीच्या पानातली पार्सलं

मुलांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. तुमच्या इमारतीच्या खाली एक पेटी आहे. साधीसुधी नाही, वजन करणारी. घराचं कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, तुम्ही ओला कचरा टाकता आणि वर लाल आकडा झळकतो. काही मोठ्या शहरांत अशा पेट्या खरोखरच आहेत. आकडा दिसला की माणूस ताटात बेतानं वाढून घेतो, असा त्यामागचा विचार. आता कल्पना करा, महिनाअखेरीला लिफ्टशेजारी सगळ्या घरांच्या कचऱ्याची यादी लागली आहे आणि सगळ्यांत वर तुमचंच घर आहे.

भिंगरीचं घर सलग दोन महिने असं वर होतं. एका जागी बसत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. घरात माणसं तीन. ती, शहरबस चालवणारी आई आणि आईचे वडील, ज्यांना आई अण्णा म्हणायची. आजोबांनी टपाल कचेरीत चाळीस वर्षं पार्सलं बांधली होती. या तिघांचा कचरा एकोणीस किलो, आणि तळमजल्यावरच्या सहा जणांचा अकरा!

"रोज मेजवानी असते वाटतं तुमच्याकडे?" लिफ्टमध्ये शेजारीण हसली. "आम्हाला कधी बोलावत नाही ते!"

आई तेव्हा कसंनुसं हसली. घरात आल्यावर मात्र तिने किल्ल्या टेबलावर आपटल्या.

तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? सालं कागदासारखी पातळ काढली. भाजीचे देठ सूपमध्ये घातले. स्वतःला कमी वाढून घेतलं, भिंगरीला 'आधी संपव, मग माग' असं बजावलं. फक्त आजोबांच्या ताटात हात आखडला नाही. ते दिवसेंदिवस वाळत चालले होते, म्हणून त्यांना उलट जास्तच. दुपारी ती कामावर असायची, तेव्हा त्यांचं ताट सकाळीच भरून झाकून ठेवायची. गाजराच्या चकत्या, सफरचंद, कडक ब्रेड, भाजलेले दाणे. संध्याकाळी ताट धुऊन पालथं घातलेलं असायचं.

तरी आकडा खाली येईना. शेवटी आई वॉचमनशी भांडली. "काटाच खोटा आहे तुमचा!"

वॉचमनने साखरेचं एक किलोचं पाकीट पेटीत ठेवून दाखवलं. आकडा आला बरोबर एक किलो. "काटा ठीक आहे, ताई. या महिन्यातही तुमचाच नंबर आला, तर पालिकेच्या बाई येऊन अंगणात तुमची बादली उलटी करून बघतील. नियमच आहे."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

वर येऊन आईचा सगळा राग भिंगरीवर निघाला. "खरं सांग, शाळेचा डबा टाकतेस ना? रोज बादली खाली तूच नेतेस."

"नाही गं आई!"

"मग काय, भूत राहतंय आपल्या घरात?"

"भूत जेवलं असतं तर कचरा कमी नसता झाला?" भिंगरी पुटपुटली आणि तिने आणखी बोलणी खाल्ली. आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले.

न केलेल्या गोष्टीचा आळ किती झोंबतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याआल्या भिंगरीने गॅलरीत प्लास्टिक अंथरलं आणि बादली त्यावर उपडी केली. कांद्याची सालं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं. आणि तळातून निघाल्या कोबीच्या पानांच्या पाच पुड्या. चारी कडा आत दुमडलेल्या, कांद्याच्या पातीने घट्ट बांधलेल्या.

ही घडी तिच्या ओळखीची होती. तिच्या वह्यांची कव्हरं आजोबा अशीच घालत. ओल्या कचऱ्यात कागद चालत नाही, आणि आजोबा नियमाला पक्के!

तिने चार पुड्या सोडल्या. गाजर, सफरचंद, ब्रेडच्या कडा, दाणे. केळ्याचा तुकडा नाही, उकडलेला बटाटा नाही. जे चावावं लागतं तेवढंच.

"आजोबा!"

ते दारातच उभे होते. "कवळी ढिली झालीय गं. घास चावला की हिरडीत रुतते."

"मग आईला सांगायचं ना!"

"ती दिवसभर रहदारीशी झगडून येते. त्यात माझ्या दातांचं रडगाणं कशाला? इतक्या मायेनं चिरून ठेवते बिचारी."

"आणि बोलणी मी खायची?"

"चुकलंच माझं." आजोबांचा आवाज बारीक झाला. "पण तिला एक शब्द बोलू नकोस."

भिंगरीला इतका राग आला होता की तिला हो म्हणवेना, आणि त्यांच्या खोल गेलेल्या गालांकडे बघून नाहीही म्हणवेना.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. आई आली. तिच्या कपाळावर कालच्याच आठ्या होत्या. "उद्या यादी लागणार," एवढंच बोलून ती सरळ ओट्याशी गेली. पिशवीतून गाजरं काढून तिने सुरी उचलली. "अण्णा, आज छान ताजी मिळाली. उद्या तुम्हाला जरा जास्तच ठेवते."

आजोबांनी भिंगरीकडे बघून 'नको' अशी मान हलवली.

भिंगरी ओट्याशी गेली. तिने आईच्या हातातली सुरी काढून घेतली आणि त्या हातावर न उघडलेलं पाचवं पार्सल ठेवलं. मग खणातून किसणी काढली, आजोबांचं ताट खाली धरलं आणि एक शब्दही न बोलता पहिलं गाजर किसायला घेतलं.