पडल्यास एक वजा

"पडल्यावर एकच मार्क कापशील, तर शहाणा माणूस पडायला म्हणून उडी मारेल, शरीफा." शोभनाताई म्हणाल्या होत्या. त्या इथेच जेद्दाच्या एका इस्पितळात डॉक्टर. मी हसण्यावारी नेलं. डॉक्टरांना जिथेतिथे मोडलेली हाडंच दिसतात, असं वर ऐकवलंही.

ही नव्वदच्या ऑक्टोबरची गोष्ट. इराकने कुवेत घेतलं तशी निम्मी कुटुंबं सामान बांधून गावी गेली होती. माझा दीर मुस्तफा बर्फाच्या रिंकवर यंत्रं सांभाळायचा. गिऱ्हाईक परत यावं म्हणून त्याच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा होता त्या सौदी मालकाने, पुरुषांची स्केटिंग स्पर्धा काढली. आदल्या वर्षी परीक्षकांनी अंदाजाने गुण दिले आणि त्यावरून हाणामारी झाली. मी रत्नागिरीची बी.एस्सी., त्यात गणित. मुस्तफा म्हणाला, भाबी, असा नियम करून दे की कुणाला तोंड उघडता येणार नाही.

माझ्या तान्ह्या लेकीला, सानियाला, मांडीवर घेऊन मी तक्ता केला. उडीत हवेत एक गिरकी घेतली तर दोन गुण, दोनला पाच, तीनला नऊ. पडल्यास एक वजा. न चुकता डौलात सरकण्याला, सगळं मिळून, तीन.

मुस्तफाने तक्त्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे भाबी, दोन गिरक्या घेऊन आपटलो तरी चार. एकच नीट घेतली तर दोन."

हिशेब बरोबर होता. मला त्याचं कौतुकच वाटलं.

तक्ता रिंकच्या दारावर लागला. शुक्रवारी मी बायकामुलांसाठी राखलेल्या काचेमागे बसायची. पलीकडे कामगार सराव करत. एक फिलिपिनो काय सुरेख उलटा सरकायचा, त्याने ते सोडलंच. सगळे नुसते उडत होते आणि पडत होते. काचेतूनही आवाज यायचा, आणि प्रत्येक वेळी सानिया दचकायची. एका आकड्याचा तर प्रश्न होता. पण आकडा बदलायचा म्हणजे शोभनाताई बरोबर होत्या हे कबूल करायचं.

स्पर्धेला बायकांना मज्जाव होता. नंतर शौकतने, माझ्या नवऱ्याने, सांगितलं. मुस्तफाने तीन गिरक्या घेतल्या आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर पडला. उठून हसत हात वर केला. नऊमधून एक गेला, आठ. पहिला आला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे किटलीतून चहा ओतत होता. कप भरला, बशी भरली, तरी ओततच होता. शोभनाताईंनी डोक्याचा फोटो काढायला बजावलं. तो म्हणाला, तपासणीचा कागद कफीलकडे गेला की इकामा, इथे राहायचा परवाना, खलास.

डिसेंबरात रिंक बंद पडली. कफीलने त्याला हफ्र अल बातिनच्या शीतगृहावर पाठवलं. ते इराकच्या सीमेजवळ, फौजेचा तळ पडल्यामुळे तिथे यंत्रवाल्यांची चणचण. जानेवारीच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. सानिया चालायला लागली का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. जरा वेळाने तेच. मग पुन्हा तेच.

सतरा तारखेला युद्ध पेटलं. तेव्हापासून फोन लागत नाही. शौकतला तिकडे जायचा परवाना मिळत नाही. सगळे मला क्षेपणास्त्रांची धास्ती आहे असं समजून धीर देतात. मीही तसंच भासवते.

तुमच्यापैकी कुणी हफ्र अल बातिनला असेल, तर शीतगृहामागच्या कामगारांच्या खोल्यांत मुस्तफाची चौकशी करा. बरा आहेस का, असं विचारू नका, तो हो म्हणेल. त्याला चहा ओतायला सांगा. कप भरल्यावर तो थांबतो का, तेवढं बघा.