नीट ओतलेला एक प्याला

"पाणी थेंबाथेंबानं सोडायचं. धार लावलीस तर मी उठून जाईन," मला शिकवताना दादा म्हणायचा.

खरं तर दादाला आता उठून कुठं जाता येत नाही. स्टेशनसमोरच्या हॉटेलात एकतीस वर्षं वेटर म्हणून उभा राहिलेला माझा थोरला भाऊ मागच्या खोलीत पडून असतो. पंधरवड्यापूर्वी डॉक्टरांनी पथ्याचा कागद फाडला आणि म्हणाले, "आता मागतील ते द्या." दादानं ॲब्सिंथ मागितली. हिरवी, कडू दारू. दवण्याच्या जातीचं एक झुडूप आणि बडीशेप घालून काढतात. हॉटेल बंद पडलं तशी ती आमच्याकडे मिळेनाशी झाली. सीमेपलीकडे मिळते. दादानं हजारो प्याले ओतले, पण स्वतः एकही घेतला नाही.

"एकदा मी बसावं नि कुणीतरी मला नीट ओतून द्यावं," एवढंच त्याचं मागणं.

"त्यात काय! मी आणतो," म्हणाले त्याचे जावई. गेले, आणि बाटलीचं सील तिकडंच फोडून दारू शाम्पूच्या दोन रिकाम्या बाटल्यांत भरून छाती काढून परत आले. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून बाटल्या दोन दिवस खिडकीत उन्हात मांडल्या. हिरवा रंग उडाला, उरला तळणीच्या जुन्या तेलाचा. मग आजाऱ्याच्या खोलीत समारंभ. जावईबापूंनी साखरेची वडी दारूत बुडवली आणि काडी ओढून पेटवली.

"असंच पितात, आत्याबाई. मी व्हिडिओ पाहिलाय."

दादानं प्याला नाकाशी नेला आणि माझ्या हातात दिला. "असले एकतीस वर्षं पाहिले. चव कळत नाही, मग आग लावतात. धुऊन ठेव गं." आणि भिंतीकडे वळला.

बाहेर जावईबापू चिडले. "कस्टमवाल्यांच्या नाकाखालून आणली मी! म्हाताऱ्याला किंमत आहे का?"

"नाकाखालून आणलीत म्हणूनच साबणाचा वास येतोय तिला," मी म्हटलं. आवाज चढवायची मला सवय नाही. त्यांना ते ऐकू आलं की नाही, देव जाणे.

मी परत आत गेले. "दादा, मी आणते."

"तू?" हसता हसता त्याला ठसका लागला. "उपासतापासवाली तू, बाटली हातात धरशील?"

"कागदात गुंडाळून धरीन."

"आणि लपवशील कुठं?"

"लपवायची कशाला?" रोज सकाळी दिव्यासमोर मी एकच व्रत घेते, आज खोटं बोलायचं नाही. जावईबापूंच्या बाटल्या पाहिल्या तेव्हाच मी कस्टमच्या कचेरीत विचारून आले होते. बाटली सीलबंद हवी, लेबल शाबूत हवं, आणि लाल पाटीखालच्या रांगेत उभं राहून आपण होऊन सांगायचं.

"त्या रांगेत कुणी उभं राहत नाही," दादा म्हणाला.

"बरंच झालं. लवकर सुटेन."

मग तीन दिवस त्यानं मला साध्या पाण्यावर शिकवलं. हॉटेल बंद होताना त्यानं मागून घेतलेला भोकांचा चपटा चमचा मी उशाच्या डब्यातून काढला.

"दारू बोटभर. वर चमचा आडवा, चमच्यावर वडी. पाणी बर्फासारखं गार, वडी विरघळत जाईल असं, एकेक थेंब. आधी खाली धूर हलल्यासारखं दिसेल, मग दुधाळ ढग वर चढेल. दारूच्या चौपट पाणी झालं की थांब. मध्ये बोलायचं नाही."

"गिऱ्हाइकं बोलायची?"

"सारखी! मलाच शिकवायची. कुणाला प्याल्यात परी दिसायची, कुणाला भूत. एवढं सगळं दिसायचं त्यांना, समोर उभा असलेला मी तेवढा दिसलो नाही."

मी जपाला बसते तशी बसले होते. मण्यामागं मणी तसा थेंबामागं थेंब. तिसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "घाई करत नाहीस. तुझ्या देवानं तेवढं बरं शिकवलंय." आवाज पार खोल गेला होता. "पण येताना थोडी घाई कर हो. जिभेला आता मीठही कळेनासं झालंय."

"उद्या संध्याकाळी तुझ्यासमोर असेल. शब्द देते."

सकाळी दिवा लावला, व्रत घेतलं. दारात जावईबापू चहा पीत उभे होते. "काय आत्याबाई, जपमाळ दाखवून सुटणार वाटतं?"

"नाही हो, बाटली दाखवून," मी म्हटलं.

दादा झोपला होता. त्याच्या पलंगाजवळच्या टेबलावर मी प्याला पुसून ठेवला, वर चमचा आडवा, चमच्यावर साखरेची एक वडी. मुंग्या लागू नयेत म्हणून सगळ्यावर पातेलं पालथं घातलं. मग त्याला जाग येऊ नये असं दार ओढून घेतलं आणि पहिल्या बसची वाट धरली.