वाटेवरच्या देवाचे गोटे

आलापल्लीहून चांद्याकडे जाणाऱ्या सडकेवर आमच्या गावाजवळ एक चढाव आहे, आणि त्याच्या मध्यावर मोहाच्या झाडाखाली देव आहे. देव म्हणजे गोट्यांचा ढीग. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाटेतला एक गोटा उचलायचा, ढिगावर ठेवायचा आणि पुढं निघायचं. एकदा ठेवलेला गोटा परत काढायचा नाही. वाट साफ राहायची आणि देवही वाढत जायचा.

दुसरं महायुद्ध संपलं आणि जंगलात ट्रक आले. बांबूच्या ट्रकची शेपटी इतकी लांब, की वळणावर ट्रक इकडं वळला की ती तिकडं उभ्या माणसाला झोडपून जायची. लष्करातून लिलावात निघालेल्या ट्रकांचा ड्रायव्हर डाव्या अंगाला बसायचा. उजवीकडून येणाऱ्या बैलबंडीचा त्याला अंदाजच नसायचा, आणि असता तरी तो कुठं थांबणार होता! पण गाव खरं भ्यायचं ते सागाच्या लठ्ठ्यांच्या, म्हणजे ओंडक्यांच्या, ट्रकला. हा धापा टाकत चढाव चढायचा आणि मध्येच उकळून थांबायचा. ड्रायव्हर मागच्या चाकांशी दोन गोटे टाकायचा, इंजिनाला पाणी पाजायचा आणि निघून जायचा. गोटे मात्र तिथंच. मागच्या पावसाळ्यात अशाच गोट्यावर सोमाजीची बंडी उलटली आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला. ड्रायव्हर लोकांना त्याचं काय सोयरसुतक!

त्या दिवशी रंभा दुपारपासून मोहाखाली बसून होती. तिचा नवरा मुखरू लेकीला, चंदाला, पहिल्या बाळंतपणासाठी सासरहून बंडीत घेऊन येणार होता. चंदाचे दिवस भरत आले होते. बंडीला एखादा जबर हिसका बसला तर काय, या काळजीनं रंभाचा जीव थाऱ्यावर नव्हता. चढावावरचा बारीकसारीक गोटासुद्धा तिनं वेचून देवाला दिला होता.

एवढ्यात लठ्ठ्यांचा एक ट्रक गुरगुरत आला आणि नेमका देवापुढं उकळून थांबला. ड्रायव्हरनं आणि त्याच्या क्लिनरनं चाकांमागं दोन गोटे टाकले, डबे घेतले आणि झाडीतल्या झऱ्याकडं गेले.

"टाकले पुन्हा मेल्यायनं," रंभा म्हणाली.

गोटे चाकाला टेकलेही नव्हते. बंडीचे बैल सोडून जू खाली टेकवलं की बंडी जागची हलत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक. ड्रायव्हर उतरून गेला म्हणजे ट्रकचे बैलच सुटले, असा तिचा हिशेब. तिनं दोन्ही गोटे उचलले, ढिगावर ठेवले आणि हात जोडले. आता लेकीची वाट साफ झाली, असं तिला वाटलं.

खालच्या वळणावर घुंगरं वाजली. मुखरूची बंडी चढावाला लागली आणि ट्रकच्या मागं येऊन थांबली. रंभा हसत उठली. तेव्हाच ट्रकच्या पोटात काहीतरी कडकन वाजलं, लठ्ठे करकरले आणि चाक बोटभर मागं सरकलं. मग वीतभर.

"अवो, बंडी फिरवा! ट्रक येऊन राह्यला!"

फिरवणार कुठं? एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला खोल नाला. मुखरू बैलांना मागं रेटू लागला, पण उतारावर बैल बिचकले. चंदाला तर जागचं उठताही येईना. ती नुसती "आई!" म्हणाली.

रंभा ढिगाकडं धावली. मघाचाच गोटा उचलून तिनं चाकाखाली लोटला. चाकानं तो बाजूला फेकला. दुसरा, मोठा, तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला, आणि चाक त्यावर चढेपर्यंत सोडला नाही. ट्रक थांबला. हात मात्र सगळा बाहेर निघाला नाही.

चंदा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. रंभाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

पुढच्या आठवड्यात गाव मोहाखाली जमलं. देवानंच ट्रक थांबवला, असं निम्मे लोक म्हणत होते. उरलेल्यांना देवाचा गोटा काढल्याची धास्ती होती. देवाची पूजा करणारे भैयाजी म्हणाले, "देवाचा गोटा काहाडला, बाई. कोंबडं द्या लागन."

हाताला फडकं गुंडाळलेली रंभा उठली. "देवानं काई नाई थांबवला. चाकाजवळचे गोटे मीच काहाडले होते, मीच पुन्हा लावले. माह्या पोरीवर मीच ट्रक सोडला होता, भैयाजी."

मुखरूनं मान खाली घातली. त्यालाही हे आजच कळत होतं.

"तरी बी," भैयाजी हळूच म्हणाले, "देवाचं देवाले द्या लागते."

"माही दोन बोटं तिथंच पडली हायेत," रंभा म्हणाली. "त्यातच भागव म्हना त्याले."