सासूबाईंची झोप

आमचा बास्केटबॉलचा संघ पहिले अकरा सामने ओळीने हरला. मी या संघाचा सामानवाला. चेंडूंत हवा भरणं, टॉवेल धुणं, ताडमाड खेळाडूंच्या मापाचे बूट शोधणं ही माझी कामं. चौदा वर्षं करतोय, तरी करार दरवर्षी नवा. यंदा मॅनेजर म्हणाले, "कप आला तर तुमची नोकरी कायम. नाहीतर दुसरा माणूस बघू." जसं काही बास्केटमध्ये चेंडू मीच टाकतो!

बाराव्या सामन्याला बायकोने तिची आई माझ्या गळ्यात मारली. खुर्चीत बसल्या बसल्या सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, तुम्ही इथे नक्की करता तरी काय?" मी सांगायला लागलो. दुसऱ्या वाक्याला त्या घोरू लागल्या. आम्ही वीस गुणांनी जिंकलो.

पुढच्या सामन्याला त्या आल्या नाहीत, हरलो. त्यानंतरच्याला आल्या, झोपल्या, जिंकलो. आमचे कोच शिकलेले गृहस्थ, पण त्यांनीही अक्कल गहाण टाकली. खेळाडूंच्या बाकामागे आरामखुर्ची आली, उशी आली. ढोलवाल्या प्रेक्षकांना पार पलीकडच्या टोकाला पिटाळलं. आमचा सात फुटी सेंटर खेळाडू, त्याला सगळे उंट म्हणतात, स्वतः त्यांच्या अंगावर शाल घालायचा. आणि झोपवायचं काम माझं! सासूबाईंनी डोळे किलकिले केले रे केले की कोच ओरडायचे, "अरे, तुझ्या कामाबद्दल सांग ना त्यांना!" मला फार लागायचं ते. पण नोकरीसाठी गिळायचो.

असं घोरत घोरत आम्ही प्लेऑफमध्ये घुसलो. उपांत्य सामन्यात सासूबाईंनी जांभई दिली तेव्हा अख्ख्या बाकाने टाळ्या वाजवल्या.

अंतिम सामन्याला मात्र त्या टक्क जाग्या. "दुपारीच झोप काढून आलेय," त्या कौतुकाने म्हणाल्या. "म्हटलं, आज तरी नीट बघावं."

कोचचा चेहरा पांढराफटक पडला. "सुरू हो!"

मी सुरू झालो. चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडायचा, कमरेच्या वर उसळला तर हवा बरोबर.

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

मी चपापलो. लग्न झाल्यापासून त्यांनी मला कधी "मग?" विचारलं नव्हतं.

"मग... उंटाचा डावा पाय एक नंबर मोठा आहे. त्याला लाज वाटते, म्हणून मी गुपचूप दोन वेगळ्या मापांचे जोड आणतो. एकातला डावा, दुसऱ्यातला उजवा. आतले नंबर खरवडून टाकतो."

"अगंबाई! कुणालाच माहीत नाही?"

"तुम्हाला आत्ता कळलं."

सासूबाईंनी खुर्ची मैदानाकडून माझ्याकडे वळवली. कोच लांबून गळा दाबल्याच्या खुणा करत होते. टॉवेलचं काहीतरी रटाळ सांगून सासूबाईंना झोपवणं शक्य होतं. पण मला झोपवायचंच नव्हतं. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

एका गुणाने हरलो. उंटाचा शेवटचा चेंडू रिंगवर गोल फिरून बाहेर पडला. मॅनेजर माझ्यासमोर आले. "उद्या किल्ल्या जमा करा," एवढंच बोलून निघून गेले.

"जाऊ द्या त्यांना," सासूबाई उशी पाठीशी सारखी करत म्हणाल्या. "तर मग, ते उरलेले दोन बूट तुम्ही काय करता?"

मी शेजारची खुर्ची ओढली आणि सांगायला बसलो.