जिभेखालची सुबुद्धी

दातवालीला कसलीच किळस येत नाही, असं पागेत सगळे म्हणायचे. ते खरं नव्हतं. बावीस वर्षं ती व्याळांचे दात घासत होती आणि बावीस वर्षं रोज सकाळी तिच्या पोटात ढवळत होतं. फक्त ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, एवढं ती शिकली होती. समोरच्याला आपली शिसारी आलीय हे व्याळाला लगेच कळतं. तो जबडा मिटून घेतो, आणि तुमचा हात आत असेल तर तो हात मग त्याचा. पागेतले दोन मोतद्दार असेच थोटे झाले होते.

लांबून बघणाऱ्याला व्याळ म्हणजे पंख, खवले आणि आकाशात ओढलेली आगीची रेघ. जवळून बघणाऱ्याला तो म्हणजे एका घराएवढं तोंड. मेंढरू तो अख्खं गिळतो. दातांच्या फटीत लोकर अडकते आणि तीन दिवसांत कुजते. गालांच्या आत दोन पिशव्या असतात, त्यांतून आगीचं तेल दिवसभर घशात पाझरतं. ते लाळेत मिसळलं की दातांवर पिवळा, चिकट थर बसतो. तो वेळेवर खरवडला नाही तर आपसूक पेट घेतो. म्हणून दातवाली. लांब दांड्याचा खरवडा, चिंध्यांची बादली आणि राखेचं पाणी घेऊन ती कंबरेपर्यंत आत वाकायची. तिच्या केसांचा वास कशानेच जात नसे. बाजारात रांगेत उभी राहिली की मागची जागा आपोआप मोकळी व्हायची.

स्वारांच्या भाषेत यातलं काहीच नव्हतं. त्यांचा व्याळ खात नसे, ‘स्वीकारत’ असे. ओकत नसे, ‘परत देत’ असे. मरतही नसे, ‘उतरत’ असे. शेणालासुद्धा ‘माती’ म्हणायचं. स्वार येऊन म्हणायचा, “इथे माती झाली आहे,” आणि मोतद्दार फावडं उचलताना खरा शब्द स्वतःशी पुटपुटायचा.

कामाची वाटणीही ठरलेली होती. जिभेच्या वर दातवालीचं, जिभेखाली स्वाराचं. प्रत्येक उड्डाणाआधी स्वार पडदा ओढून घ्यायचा आणि व्याळाच्या जिभेखाली स्वतः हात घालायचा. त्याला ‘सुबुद्धी देणं’ म्हणत. तो काहीतरी मंत्र म्हणत असेल, जिभेला हात लावून शपथ घेत असेल, असं दातवालीला वाटायचं. तिने कधी विचारलं नाही. विचारायची रीत नव्हती.

पागेचा थोरला स्वार तिचा मेव्हणा होता, सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिला हे काम त्यानेच लावून दिलं होतं, आणि ते तो चारचौघांत अधूनमधून सांगायचा. ताईला एकच मुलगी. वय एकोणीस, अंगाने किरकोळ, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. चार दिवसांनी बारकीची घासजोड होती. त्या दिवशी व्याळ आपल्या पोटातला एक घास नव्या स्वाराच्या ओंजळीत परत देतो, आणि स्वाराने तो सगळ्यांसमोर गिळायचा. घास पोटात राहिला की व्याळ त्या स्वाराचा. मग त्या दोघांच्या मध्ये कोणी हात घालायचा नाही, बापानेसुद्धा नाही. बारकी पाच वर्षांची असल्यापासून याच दिवसाची वाट बघत होती. तिला मिळणार होती काजळी, तिच्या बापाची व्याळीण, पागेतली सगळ्यात मोठी.

त्या सकाळी काजळीच्या तोंडाला वेगळाच वास होता.

दातवालीला वास पारखता यायचे. कुजक्या लोकरीचा वास आंबूस, तेलाचा उग्र. हा गोडसर होता, घशात बसणारा. हा पुवाचा वास. काजळीने कालचं मेंढरूही तसंच ठेवलं होतं, त्यावर माश्या घोंगावत होत्या. दातवालीने एकेक दात बोटांनी दाबून पाहिला. सगळे घट्ट होते. मग ती थांबली. मागे पडद्याकडे पाहिलं, कोणी नव्हतं. तिने खांदा लावून ती उशीएवढी जाड जीभ वर उचलली.

आत लोखंड होतं. वीतभर लांब, दोन टोकांचा आकडा मांसात रुतलेला. बुडाशी मऊ चामड्याची नीटस खोळ शिवलेली, आणि तिथून एक बारीक तार जबड्याच्या आतून थेट लगामापर्यंत गेलेली. उड्डाणाआधी स्वार पडद्याआड हीच तार ताणून बसवत असणार. लगाम ओढला की आकडा वर चढणार. एका बाजूला मांस त्याच्यावर वाढून निळंकाळं झालं होतं. तिने बोट टेकवलं मात्र, हिरवट पिवळा पू भळकन बाहेर आला आणि तिच्या कोपरावरून ओघळत काखेपर्यंत गेला. त्यात पांढरं काहीतरी वळवळत होतं.

काजळीने जबडा मिटला नाही. ती नुसती थरथरत राहिली.

दातवाली बाहेर आली, बादलीजवळ बसली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा पागेत ओकली. पुवामुळे ओकली असती तर तिला इतकं काही वाटलं नसतं. पण ती जीभ ती रोज वरून घासत आली होती. रोज, बावीस वर्षं. आणि खाली एकदाही बघितलं नव्हतं.

मेव्हणा खोगीरखान्यात चामड्याला तेल लावत बसला होता. तिने दारातूनच सांगितलं.

“भाऊजी, काजळीच्या जिभेखाली सडलंय.”

त्याने मान वर केली नाही. “जिभेखाली तुझं काय काम होतं?”

“वास आला.”

“वास तर तुलाही येतो, मेव्हणीबाई. म्हणून कोणी तुझी जीभ उचलून बघतं का?”

शेजारचा मोतद्दार हसला. ती हसली नाही.

“ते लोखंड काढा. जनावर जेवत नाहीये.”

“स्वीकारत नाहीये,” त्याने शब्द दुरुस्त केला. मग मोतद्दाराला बाहेर पाठवलं आणि आवाज खाली आणला. “हे बघ, त्याशिवाय एकही व्याळ माणसाचं ऐकत नाही. अकराच्या अकरांना आहे. माझ्या बापाच्या वेळीही होतं. लोकांना वाटतं व्याळाचा आपल्यावर जीव आहे. वाटू दे की. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“आणि बारकी? चार दिवसांनी तुमची पोर त्याच तोंडातलं खाणार आहे.”

“एक घास. आम्हीही गिळलाय.” त्याने बोटं पुसली, एकेक करून, अगदी काळजीपूर्वक. “तुला एवढंच वाटत असेल तर चार दिवस राखेच्या पाण्याने धू. स्वच्छ कर. तेच काम आहे ना तुझं?”

त्याच्या नखांना मेंदीसारखा वास येणारं महागडं तेल होतं. आत्ताच पाहिलेल्या सगळ्या घाणीपेक्षा त्या नखांची तिला जास्त शिसारी आली.

आता ताईला सांगावं की बारकीला, यावर तिने दिवस घालवला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेवटी दुसऱ्या दिवशी उजाडताच ती बारकीला घेऊन काजळीपाशी आली. नाकाला फडकं बांध म्हणाली आणि काही न बोलता जीभ उचलून धरली.

बारकी वाकून बघत राहिली. बराच वेळ. मग बाहेर येऊन भिंतीला टेकली.

“हे बाबांनी केलंय?”

“सगळेच करतात म्हणाले.”

“मला म्हणाले होते, मनापासून हाक मारली की ती वळते. मी लहान असताना अंगणात झाडूवर बसून हाका मारायचे, मावशी.” तिने फडक्यात तोंड पुसलं. “तू मला हे का दाखवलंस?”

“तू नाही म्हणावंस म्हणून. सरळ सांग, मला व्हायचं नाही स्वार.”

“मग काजळी कोणाला देतील?”

“देतील कोणालाही.”

“म्हणजे लोखंड तसंच.”

“मी आत्ताच उपटून काढते.”

“दुपारी सराव आहे, बाबा पुन्हा बसवतील. आणि तुला हाकलून देतील.” बारकी काजळीच्या नाकपुडीवर हात ठेवून उभी राहिली. तिथून शेंबडासारखं काही गळत होतं, ते तिच्या मनगटावर आलं तरी तिने हात काढला नाही. “घास पोटात राहिला की मध्ये कोणी हात घालायचा नाही. रीतच आहे ना तशी?”

दातवालीला तिच्या मनातलं उमगलं. “पू आहे त्यात, बारके. अळ्या आहेत.”

“बघितलं मी.”

उरलेले दिवस दातवालीने दिवसातून सहा वेळा ती जखम धुतली. पू पिळून काढला, अळ्या चिमट्याने वेचल्या, राखेचं पाणी ओतलं. दर वेळी वाटायचं आता संपलं, आणि दर वेळी आणखी निघायचं. घरी तिला अन्न जाईना. ताट समोर आलं की तोच गोडसर वास यायचा. कितीदा हात धुतले तरी स्वतःचे हात परक्याचे वाटायचे.

घासजोड दुपारी होती. पागेच्या मैदानात माणसांची दाटी झाली होती. पुढच्या रांगेत प्रतिष्ठित मंडळी बसली होती, त्यांना नाकाला लावायला अत्तराचे रुमाल दिले होते. थोरल्या स्वाराचं भाषण छान झालं. विश्वास, पिढ्या, व्याळाचं निर्मळ हृदय. दातवाली बादली घेऊन मागे उभी होती. दर शब्दासरशी तिच्या तोंडाला पाणी सुटत होतं, ओकारीआधी सुटतं तसं.

“काजळी परत देत आहे,” थोरला स्वार म्हणाला.

काजळीची मान आखडली, पोट तीनदा आत गेलं आणि बारकीच्या ओंजळीत एक गोळा पडला. करडा, गरम, लोकरीच्या गाठींचा. त्यातून पिवळे धागे बोटांमधून खाली लोंबत होते. रुमाल वर गेले. बारकीने डोळे मिटले नाहीत. तिने तो तोंडात कोंबला आणि चावलाच नाही. गळा एकदा वर आला, गाल फुगले, नाकातून पातळसं काही बाहेर आलं. तिने ते पुसून पुन्हा गिळलं. तिसऱ्यांदा गिळलं तेव्हा कुठे ते खाली गेलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता तिने हात वर करून नमस्कार करायचा होता. तिने तो केला नाही. ती वळली, काजळीच्या तोंडात खांद्यापर्यंत हात घातला आणि पाय रोवून ओढलं. आधी तार तुटल्याचा आवाज आला, मग मांस फाटल्याचा. काजळीचा घसा गुरगुरला, गालातल्या पिशव्या लाल झाल्या. पुढची रांग खुर्च्या सोडून पळाली. पण आग आली नाही. पू आणि रक्त आलं, बादलीभर, बारकीच्या छातीवर आणि मैदानात अंथरलेल्या गालिच्यावर.

बारकीने तो आकडा बापासमोरच्या टेबलावर, फुलांच्या शेजारी ठेवला.

“ते काय आहे?” मागून एका बाईने विचारलं.

“याला सुबुद्धी म्हणतात,” बारकी म्हणाली. “अकराही व्याळांना आहे.”

“बारके, झाक ते,” तिचा बाप हळूच म्हणाला.

तिने झाकलं नाही. त्यानेच मग स्वतःचा अत्तराचा रुमाल त्यावर टाकला. तो ओला होऊन चिकटला आणि आकडा उलट आणखी स्पष्ट दिसायला लागला.

त्यानंतर बारकी नऊ दिवस तापात होती. पोटात काही ठरत नव्हतं. दातवाली आणि ताई दोघी तिच्या उशाशी बसायच्या. एक भांडं धरायची, दुसरी तोंड पुसायची. मेव्हणा खोलीच्या दारापर्यंत येई, वासाने थबके आणि परत जाई. सहाव्या दिवशी मुलीचा डोळा लागला तेव्हा ताईने दोघींना चहा केला. कप हातात देता देता म्हणाली, “ती खोळ नसती तर आणखी चिघळलं असतं. मी मऊ चामडं वापरायचे.”

दातवालीला आधी कळलंच नाही.

“कुठली खोळ?”

“आकड्याची. लग्न झाल्यापासून मीच शिवते सगळ्यांच्या.” ताई खाली बघत होती. “नुसतं लोखंड रुततं गं. मला बघवायचं नाही. म्हटलं, निदान बुडाशी तरी मऊ असावं.”

म्हणजे तिला माहीत होतं. बारकी झाडूवर बसून हाका मारायची तेव्हाही, घासजोडीसाठी मुलीचे कपडे शिवतानाही. दातवालीने ताईच्या बोटांकडे पाहिलं. सुईने टोचून टोचून टोकं कडक झालेली बोटं. लहानपणी याच बोटांनी ताई तिची वेणी घालायची. चहाचा घोट तोंडात तसाच राहिला. तिने उठून मोरीत तो थुंकला, मग कपही तिथेच रिकामा केला.

“तुलाही किळस आली ना माझी,” ताई म्हणाली.

“हो,” दातवाली म्हणाली. कप विसळता विसळता म्हणाली, “मीही वरचे दात घासत होतेच की.”

दोघी पुन्हा आत येऊन बसल्या. बारकीने झोपेतच ओकारी काढली. ताईने भांडं पुढे केलं, दातवालीने कपाळ धरलं.

थोरल्या स्वाराला कोणी काढलं नाही. प्रतिष्ठित मंडळींनी चौकशी नेमली आणि चौकशीने ‘अनिष्ट साधन’ असा नवा शब्द शोधून काढला. पण लोक आता उड्डाण बघायला आले की आधी जिभेखाली दाखवा म्हणायला लागले, त्यामुळे चार व्याळांची लोखंडं त्या महिन्यातच निघाली. उरलेल्या सहांचे स्वार म्हणत होते, आमचं काढलं तर आम्ही पडू. ते बहुतेक खरंही होतं.

काजळी महिनाभर उडाली नाही. बारकी, निम्मी झालेली, तिच्याबरोबर मैदानात नुसती चालायची. हाक मारली तर काजळी वळायची नाही. मनाला आलं तर वळायची. एका दुपारी मनाला आलं तेव्हा तिने मान खाली केली, बारकी चढली आणि दोघी वर गेल्या. फार उंच नाही, पागेच्या छपरापेक्षा जरा वर. मैदानाला एक वेडावाकडा फेरा मारला आणि शेणाच्या ढिगाजवळ धपकन उतरल्या.

ताई बघायला बाहेर आली होती. दातवालीपासून दोन हातांवर उभी होती.

“संध्याकाळी जेवायला ये,” ताई म्हणाली.

“आज नको.”

“मग कधी?”

“येईन. इतक्यात नाही.” दातवालीने चिंध्यांची बादली उचलली आणि ती पुढच्या दावणीकडे गेली.