नवांतलं एक

नवव्या स्त्रीबीजापाशी ताईचा हात थबकला. आधीची आठ तिने एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती, सगळी कच्ची. पक्व बीजाच्या कडेला इवलासा मणी चिकटलेला दिसतो, तो या एकट्यालाच होता.

एकोणीस वर्षं ती टेस्ट ट्यूब बेबी केंद्राच्या प्रयोगशाळेत हेच काम करत आली होती. पण आजची बीजं तिच्या धाकट्या भावाच्या बायकोची होती. घरच्या माणसाचं काम आपण करू नये म्हणून तिने सहकारी बाईंचं नाव सुचवून पाहिलं होतं. भावजयीने ऐकलं नाही. ताई सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवतात, मग परका हात कशाला, म्हणून ती हसली होती. दोन वेळच्या उपचारांचं अपयश पचवून ती तिसऱ्यांदा उभी राहिली होती. तिला नाही कोण म्हणणार?

दुपारी शुक्राणू आत सोडायला ताईने त्या बीजात सुई सरकवली. बीजाचं आवरण आत दबलं, ताणलं, आणि क्षणात सगळं बाहेर सांडलं. असं होतं कधीकधी. सरावलेल्या माणसाच्या हातूनही होतं. फलन झालं नाही एवढंच घरी सांग, उगाच वितुष्ट नको, असं सहकारी बाईंनी हळूच सुचवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाकडे जाताना तिने तेच वाक्य मनात दहादा घोळवलं. भाऊ कामावर गेला होता. भावजय कुशीवर पडून होती. ताईचा चेहरा पाहताच ती उठून बसली.

"एकच पक्व होतं," ताई म्हणाली. "आणि तेही सुई लागल्यावर फुटलं. माझ्या हातून."

भावजय चादरीची एक चुणी बोटाने सपाट करत राहिली. आता ही आपल्याला जा म्हणेल, आणि म्हणावंच तिने, असं ताईला वाटलं. पर्स उचलून ती उभी राहिली.

"बसा ना, ताई." भावजयीने पलंगावर थोडी जागा केली. "ते फक्त तुम्हीच पाहिलंय. यांनी नाही, मीही नाही. कसं होतं, सांगाल?"

ताई पलंगाच्या कडेला टेकली. भावजयीने तिचा उजवा हात ओढून आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि ताई सांगू लागली.